आत्या हो म्हणाल्या

दुकानात पुढे गोड्या पाण्याच्या टाक्या आणि मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याच्या. मागच्या खोलीत आत्याचं राज्य. खरं तर ती आत्या एकाचीच, दुकानमालकाच्या मुलाची. पण तो बोबडं बोलायचा तेव्हाच गिऱ्हाइकांनी त्याचं ऐकून ती हाक उचलली, आणि आता तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा काचेला नाक लावून विचारायची, "आत्या, हा कोण?"

आत्याकडून मासा मिळवणं सोपं नव्हतं. आधी तीन प्रश्न. टाकी केवढी? आत कोण कोण आहे? आणि त्यांच्यात आधी कोण आलं? पहिल्या दोन प्रश्नांना लोक धडाधड उत्तरं द्यायचे, तिसऱ्याला अडखळायचे.

"आधी कोण आलं त्यानं काय होतं?" असं कोणी म्हटलं की आत्या हातातली जाळी खाली ठेवायची.

"होतं. आधी येतो त्याला अख्खी टाकी बापाची वाटते. म्हणून भित्रा आधी सोडायचा, दांडगा सगळ्यांत शेवटी. तुम्ही दांडगा आधी आणून बसवलात. आता त्याच्यात हा बिचारा सोडला तर दोन दिवस दगडामागे लपेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही मला शिव्या द्याल. नाही मिळणार."

आणि खरंच द्यायची नाही. जो मासा द्यायची त्यालाही गिऱ्हाइकासमोर खाऊन दाखवावं लागे, मगच तो पिशवीत जाई. लोक चिडायचे, पाय आपटत निघून जायचे आणि महिन्याभराने परत यायचे. गावभर एकच बोललं जाई: आत्या हो म्हणाली तर डोळे मिटून न्या.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याचं शिक्षण महत्त्वाचं. "चार महिने बस दुकानात," आई म्हणाली होती. त्या चार महिन्यांना आता पस्तीस वर्षं झाली. खाऱ्या पाण्याची पहिली टाकी तिनेच हट्टाने लावली आणि पहिल्या वर्षात त्यात सतरा मासे मेले. कोण कोणाच्या टोचण्याने गेला, कोण घाबरून उपाशी राहिला, हे तिने ओळीने वहीत लिहून ठेवलं. पुढे भाऊ नोकरीला कंटाळून परत आला तेव्हा चालतं दुकान त्याच्या नावावर झालं. वही आत्याकडे राहिली.

मिठाच्या पाण्याने तिच्या बोटांना कायम भेगा असत, घड्याळाच्या पट्ट्यावर पांढरी खपली. दिवसभर टाक्यांच्या मोटारींच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे घरीही आवाज चढा. "वन्सं, घरात मोटर नाहीये," भावजय म्हणायची. पाहुण्यांसमोर आणखी रंगून सांगायची, "आमच्या वन्सं सगळ्या समुद्राच्या सोयरिकी जुळवतात हो. फक्त माणसांशी तेवढं जमत नाही." सगळे हसायचे. आत्याही हसायची. हसलं की विषय लवकर संपतो, एवढं तिला कळत होतं.

तिच्या गिऱ्हाइकांत तिला मनापासून आवडायचे ते टेलरमास्तर. शिलाई मशीनसमोरच्या भिंतीला त्यांनी टाकी ठेवली होती, आणि नऊ वर्षांत आत्याला विचारल्याशिवाय तिच्यात शिंपलाही टाकला नव्हता. "माप तुम्ही घ्या आत्या, कापायचं काम माझं," असं म्हणायचे. त्यांच्या टाकीत बटणांसारखी गोल गोल प्रवाळं होती. आत्याने चार बटणं चिकटलेला एक दगड दिला होता. दोन वर्षांत त्याची शंभरएक बटणं झाली, हिरवी, नारिंगी, जांभळी. कपडे शिवायला आलेली माणसं माप द्यायचं विसरून ती बघत बसायची. मास्तर कौतुकाने म्हणायचे, "अख्ख्या दुकानात न टाचता लागलेली बटणं एवढीच."

दोन वर्षांपूर्वी भाच्याचं लग्न झालं आणि भाचेसून दुकानात येऊ लागली. मुलगी वाईट नव्हती. चटपटीत, गोड बोलणारी. तिने आत्याच्या खोलीत एक मोठा रंगीत तक्ता आणून लावला. कोणता मासा कोणाबरोबर चालतो त्याचे चौकोन: हिरवा म्हणजे चालेल, लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे जपून.

"जपून म्हणजे काय गं?" आत्याने विचारलं.

"म्हणजे चालू शकेल, आत्या. बघायचं."

"म्हणजे लिहिणाऱ्यालाच माहीत नाही."

भाचेसून हसली, पण तक्ता राहिला. आणि गिऱ्हाइकांना तो आवडला. तिथे कोणी तीन प्रश्न विचारत नव्हतं.

मग एक दिवस जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, आठ दिवस धाकट्या बहिणीकडे जाऊन ये. किती वर्षांत कुठे गेली नाहीस. पाठ धरते तुझी."

"आणि मागची खोली?"

"आम्ही चार माणसं आहोत ना," भावजय म्हणाली. मग ताटावरून नजर वर करून हसत, "दांडगा मासा आठ दिवस त्याच्या टाकीतून काढून वेगळा ठेवला की परत आल्यावर नरम पडतो, तुम्हीच सांगता ना, वन्सं?"

सगळे हसले. आत्याला हसायला या वेळी थोडा उशीर झाला. पस्तीस वर्षं ती स्वतःला भित्र्यांत धरत आली होती.

ती गेली. आठ दिवसांत दुकानातून एकच फोन आला, मीठ मोजायचा मग कुठे आहे म्हणून.

परत आली तर तिचं स्टूल पुढे, गल्ल्याशेजारी आणलेलं. "मागे ओल असते आत्या, इथे पाठीला बरं पडेल," भाचेसून म्हणाली. आत्या काही बोलायच्या आत दारातून टेलरमास्तर आले. हातात झाकणाचा डबा. तो त्यांनी तिच्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. आत पाण्यात एक दगड होता. दगडावर बटणं नव्हती. जिथे ती होती तिथे करडे, चिकट डाग राहिले होते.

"सहा दिवसांत," मास्तर म्हणाले. "आधी वाटलं, मिटलीत, उघडतील. तो टिपत होता एकेक. अजून आतच आहे तो, सगळे दगड उपसल्याशिवाय हाताला लागत नाही."

"तो कोण?"

"फुलपाखरू मासा. पिवळा."

"प्रवाळाच्या टाकीत?" आत्याचा आवाज चढला. "कोणी दिला तुम्हाला?"

मास्तर गोंधळले. "तुम्हीच की. म्हणजे, मी म्हटलं आत्यांना विचारल्याशिवाय नेणार नाही. मग या सूनबाई फोन घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि येऊन म्हणाल्या, आत्या हो म्हणाल्या. तुमच्या शब्दावर नेला."

भाचेसून काच पुसत होती. तिचा हात थांबला. भाऊ गल्ल्यावरून उठला आणि कोणी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, आठव जरा. धाकटीकडे मुलांच्या गडबडीत हो म्हणाली असशील."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तिलाही ते माहीत आहे हे त्याला दिसत होतं, तरी नजर तिच्यावरच होती, लहानपणी काच फोडली की असायची तशी. तेव्हाही ती म्हणायची, माझ्या हातून फुटली.

एक "नाही" पुरणार होतं. दिवसातून दहादा अनोळखी माणसांच्या तोंडावर फेकायची तोच शब्द. पण त्या माणसांबरोबर तिला संध्याकाळी जेवायचं नसायचं. घरच्या या माणसांबरोबर होतं. आज, उद्या आणि हातपाय चालेनासे झाले की त्यांच्याच हाताने.

"झालं असेल माझ्याकडून," ती म्हणाली.

"तुमच्याकडून?" मास्तरांनी पुन्हा विचारलं. शिवण उसवायच्या आधी माणूस विचारतो, तसं.

"हो."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, चारी कोपरे अंगठ्याने दाबले. "मग आता विचारायचं कोणाला, आत्या?" एवढंच म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी जेवताना भावाने स्वतः उठून तिला वाढलं. नको नको म्हणताना दोनदा वाढलं. जेवणानंतर भाचेसून तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सॉरी हं आत्या. ते न घेता निघालेच होते हो, म्हणून मी तसं बोलून गेले. तक्त्यात पिवळा चौकोन होता. तुम्ही सांभाळून घेतलंत." तिचे डोळे खरोखरच भरले होते.

आठवडाभराने आत्या पाणी बदलत टाक्यांमागे वाकली होती आणि पलीकडे भाचेसून एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "आत्यांचं वय झालंय आता. विसरतात. त्या टेलरमास्तरांच्या वेळी नाही का, नको त्याला हो म्हणून बसल्या. आम्हीही फार काही बोलत नाही त्यांना, वाईट वाटतं ना." आवाजात माया होती. रागाने बोलली असती तर आत्याला उठून उत्तर देता आलं असतं. ती नळी धरून तशीच बसून राहिली. बादली भरून पाणी फरशीवर यायला लागलं तेव्हा उठली.

महिन्याने एका दुपारी मास्तर आले. आत्याच्या स्टुलापाशी थांबून "बऱ्या आहात ना?" म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. आत्या त्यांच्या मागोमाग गेली, काम असल्यासारखी.

"हा लाल ठिपक्यांचा चालेल का हो माझ्याकडे?" ते भाचेसुनेला विचारत होते. प्रवाळाच्या फांदीवर ऐटीत बसलेला एक छोटा मासा दाखवत होते. "पट्टेरी कोळंब्यांची जोडी आहे फक्त. बाकी सगळं नव्याने लावतोय."

भाचेसुनेने तक्त्याकडे पाहिलं. मग मास्तरांच्या खांद्यावरून आत्याकडे पाहिलं.

आत्याला गप्प राहता आलं असतं. आठवड्यात कोळंब्या संपल्या असत्या, मास्तर डबा घेऊन आले असते, आणि या वेळी डबा तिच्यासमोर ठेवला गेला नसता. एवढा सगळा विचार तिने नंतर केला. मान आधीच हलली होती, नाही म्हणून.

"नाही चालणार, मास्तर," भाचेसून म्हणाली.

"बघा! बरं झालं तुम्हाला विचारलं." ते समाधानाने म्हणाले. जाताना आत्याला पुन्हा "येतो" म्हणाले, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं, न थांबता.

ते गेल्यावर भाचेसून जवळ आली. "का नाही चालत हो, आत्या?"

"कोळंब्या खातो."

भाचेसुनेने फोन काढून टिपून घेतलं. मग अंगठा तसाच धरून विचारलं, "आणखी काय काय खातो?"

मोटारी घरघरत होत्या. ऐकू यावं म्हणून आत्याने आवाज चढवला आणि एकेक सांगायला लागली.