दादाचं लाल मिक्श्चर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. वहिनी होत्या तोवर तर शक्यच नव्हतं... आता त्याही गेल्या.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लालबागच्या एका दवाखान्यात मी जन्मभर कंपाउंडर होतो. लोकांचे अंगारे-धुपारे ऐकून हसायचो.

माझा थोरला भाऊ, दादा, चिंचपोकळीच्या चाळीत राहायचा. गिरणीत राबलेला माणूस. म्हातारपणी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या त्याला चिकटल्या त्या चिकटल्याच. दिवसभर गुंगीत. नातीलाही भलत्याच नावाने हाक मारायचा.

नव्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सुचवला, तोही त्याच्यासमोरच. लपवाछपवी नाही. गोळीसोबत रोज एकाच उग्र चवीचं, औषध नसलेलं पाणी प्यायचं. शरीराला चवीची सवय झाली की गोळी हळूहळू कमी करायची, पाणी चालू ठेवायचं. प्लासिबो म्हणतात त्यातलाच प्रकार.

"म्हणजे साखरेचा पाणीच मा?" दादा म्हणाला. "मगे चाय काय वायट?"

"चहा वहिनींच्या हातचा. हे कंपाउंडरच्या हातचं आहे. गप पी."

करी रोडच्या माझ्या घरी मी जुन्या पद्धतीचं लाल मिक्श्चर करू लागलो – साखर, रंग, पेपरमिंट. बाटलीला डोस मोजायच्या खुणांची कागदी पट्टीसुद्धा चिकटवायचो. आणि ते लागू पडलं! गोळ्या कमी होत होत बंद झाल्या. दादा खाली उतरून कॅरम खेळू लागला, नातीशी भांडू लागला.

इथवर सगळं शास्त्रातलं.

एका सकाळी त्याच्याकडची बाटली संपली होती. मी घरी नवीन करायला घेतलं. पेपरमिंटचे थेंब टाकले, तोच वहिनींचा फोन. "भावोजी, गंमत ऐका. सकाळपासून कळवळत होते. आत्ता म्हणतात, तोंडात पेपरमिंट आलं... आणि उठून बसले की!"

योगायोग, म्हटलं. पुढच्या वेळी कुणाला न सांगता भलत्याच दिवशी केलं. पुन्हा फोन. तेच.

तिथेच थांबायला हवं होतं मी. पण राहवेना... एका दुपारी भरलेली बाटली मुद्दाम बेसिनमध्ये ओतायला घेतली. बघू तर खरं, म्हणून. अर्धीही रिकामी झाली नव्हती, फोन वाजला. वहिनी काहीतरी सांगत होत्या, पण मला ऐकू येत होता तो मागून दादाचा आवाज. माणूस तसा ओरडतो हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर कितीदा करून दिलं, त्याला ते बेचव लागायचं. मी चाखायचो, तर पेपरमिंटने जीभ चुरचुरायची. गोळ्या परत सुरू झाल्या, पूर्ण डोस. "असा परिणाम कधीकधी ओसरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असेलही. पण माझ्या बेसिनमध्ये काय वाहून गेलं ते चिंचपोकळीत कसं कळलं? मला आजवर उमगलेलं नाही.

दादाच्या शेवटच्या आठवड्यात, तो जरा शुद्धीवर असताना, सगळं सांगून टाकायचं ठरवून मी जवळ बसलो. तर त्यानेच माझा हात धरला.

"माझाच मन कच्चा रे. तुझी मेहनत फुकट घालवलंय. माफ कर माका."

"असू दे, दादा," मी म्हणालो.