तिसऱ्याची गादी

चीननं अवकाशात सोडलेल्या प्रयोगशाळेवर पाहुणचारात कमी पडल्याचा ठपका ठेवणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचं कोल्हापुरात गाद्यांचं दुकान. त्यामुळे कुठलीही वास्तू बघितली, की इथे माणसं झोपणार किती, हा त्यांचा पहिला प्रश्न. एका लग्नात सगळे कार्यालयाच्या झुंबरांचं कौतुक करत होते, तर यांनी नवरदेवाच्या बापालाच गाठलं. ‘‘ते ऱ्हाऊ दे. वऱ्हाड आडवं कुठं व्हायचं?’’

त्या प्रयोगशाळेचं नाव तियांगाँग, म्हणजे स्वर्गातला राजवाडा. तिची कुंडली मामांना तोंडपाठ. पुढचा भाग राहण्या-कामाचा, मागचा इंजिनाचा, बाजूला उन्हावर वीज करणारे दोन पंख. खालून आलेलं यान तिला नीट जोडता येतं का, हे मुख्यतः बघायचं होतं. इथवर मामा खूश होते. मग त्यांनी वाचलं, की दोनदा तिघं तिघं अंतराळवीर तिथे राहून आले, पण आत झोपायची सोय दोघांचीच; तिसऱ्यानं बाहेर जोडलेल्या यानात झोपायचं. मामा भडकलेच. ‘‘पावण्याला गाडीत झोपवत्यात व्हय? आन् म्हणं राजवाडा!’’ पुढे संध्याकाळी तिचा उजेडाचा ठिपका वरून जायचा, तेव्हा हे गादीचं माप अर्धवट टाकून गिऱ्हाइकाला गच्चीवर न्यायचे आणि त्या तिसऱ्याची कर्मकहाणी ऐकवायचे.

मामांच्या स्वतःच्या माडीवर पाहुण्यांसाठी तीन गाद्या कायम अंथरलेल्या. पण आता ज्याच्या त्याच्या दारात गाडी. आम्हीसुद्धा तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचो आणि किल्ली फिरवायचो. ‘‘ऱ्हावा की पावणं,’’ मामा म्हणायचे. ‘‘पेठ वडगाव काय लांब आहे?’’ असं म्हणून मी घरी सुटायचो.

पुढे प्रयोगशाळेत कुणी जाईना, मग तिचा संपर्कही तुटला. ती कुठे कोसळणार म्हणून वाहिन्यांनी घबराट उडवली. मामींनी तर मामांची गच्चीच बंद केली. शेवटी एका पहाटे ती पॅसिफिक महासागरात पडली. मामांची थट्टा करायची म्हणून मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. ते माडीवर गाद्या झटकत होते.

‘‘वस्तीला कोण न्हाय म्हटल्यावर काय करंल ती?’’ ते म्हणाले. ‘‘फिरली, फिरली, पडली.’’

मला फार वाईट वाटलं. मी जिन्यातून खाली हाक मारली, ‘‘मामी, माझ्या भाकरी टाका. आज मुक्काम आहे.’’

तिन्ही गाद्या मामांनी पुन्हा झटकल्या, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, ‘‘उशी मऊ लागती का घट्ट?’’