सांडभोरांची साखर, पंचवीस पॉइंट चारनं गुणलेली

ज्योतीराम सांडभोर इंग्लंडहून परत आले ते साखर तिकडेच सोडून आले, अशी बातमी १९७९ च्या जानेवारीत आमच्या कारखान्यात पसरली. पसरवणारे ज्योतीराम स्वतःच. त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

ज्योतीराम आमच्या गेज रूमचे मुख्य. गेज रूम म्हणजे कारखान्यातली मापं तपासायची खोली. पिंपरीच्या त्या कारखान्यात जुनी विलायती मशीनं इंचात बोलायची आणि नवी जर्मन मशीनं मिलिमीटरमध्ये. या दोन्ही घराण्यांची सोयरीक लावून देणारे भटजी म्हणजे ज्योतीराम. इंचाला पंचवीस पॉइंट चारनं गुणलं की मिलिमीटर. हा मंत्र त्यांनी वीस वर्षं इतका जपला होता की त्यांना झोपेतून उठवून 'तीन अष्टमांश' म्हटलं तरी ते डोळे न उघडता 'नऊ पॉइंट पाचशे पंचवीस' म्हणायचे आणि कूस बदलायचे. एखाद्या पोरानं घाईघाईनं 'भाऊ, बारा आलं' असं सांगितलं, तर चष्म्यावरून बघत विचारायचे, "बारा काय? बारा म्हशी?"

पाच वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. तोही त्यांनी मापाच्या शिस्तीत पाळला. चिंचवडच्या लॅबोरेटरीतले सगळे रिपोर्ट तारखेनुसार टाचून ठेवले होते. उपाशीपोटीची साखर कधी एकशे सत्तर, कधी एकशे नव्वद. विलायतेला निघायच्या आठवड्यात एकशे शहाऐंशी. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. घरी, पिंपळे गुरवला, त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी गुळाचा डबा इतक्या उंच फळीवर ठेवला होता की तो उतरवायला त्यांना स्वतःलाच शेजाऱ्यांचं स्टूल मागून आणावं लागे. आणि राजगुरुनगरच्या पुढं असलेल्या आपल्या गावच्या भैरवनाथाला त्या नवस बोलून बसल्या होत्या, की ह्यांची साखर गेली तर ह्यांची गूळतुला करीन. तागडीच्या एका पारड्यात ज्योतीराम, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा गूळ, आणि तो सगळा गावाला प्रसाद.

अशात कंपनीनं ज्योतीरामांना नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने इंग्लंडला धाडलं. तिथं मुक्कामाच्या घरी उकडलेले बटाटे, उकडलेला कोबी आणि बहुधा उकडलेलंच पाणी. बसचे नंबर लक्षात राहीनात म्हणून रोज दोन मैल चालत कारखान्यात जायचे. परतायच्या आधी तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि हातात एक कागद दिला. त्यावर टाइप केलं होतं : ९.२. डॉक्टर म्हणाला, असंच चालू ठेवा. काय चालू ठेवायचं, ते ज्योतीरामांनी विमानात स्वतःच ठरवलं.

"एकशे शहाऐंशीवरून नऊ!" पहिल्याच दिवशी गेज रूममध्ये तो कागद त्यांनी ट्रॉफीसारखा उंच धरला. "संपली राव साखर! उरली ती नऊ. तेवढी तर पाहुण्यारावळ्यांसाठी अंगात ठेवावीच लागते!"

मी म्हटलं, "भाऊ, नऊ म्हणजे फारच कमी नाही का हो? एवढ्यात माणूस चक्कर येऊन पडेल."

"पडेल तो इथला माणूस. तिथल्या हवेत पडत नाही."

स्टोअरमधले हिंदुराव पेढ्यांचा पुडा घेऊनच आले होते. ज्योतीरामांनी पहिला पेढा कपाळाला लावला, दुसरा तोंडात टाकला, आणि तिसऱ्यापासून मोजणं सोडून दिलं. आयुष्यभर मोजत आलेल्या माणसानं मोजणं सोडलं की काय होतं ते आम्ही पुढचे तीन आठवडे बघत होतो. गोळ्या बंद. चहात दोन चमचे साखर, आणि कप रिकामा झाल्यावर तळाशी उरलेली बोटानं. कँटीनमध्ये जिलबी असली की आमच्या पानातली उचलून म्हणायचे, "तुम्ही जपा रे, तुमची वयं आहेत. माझं आता काही राहिलं नाही." गूळतुलेसाठी रविवार ठरला. गावाला निरोप गेले, गुरवाला सांगून झालं, देवळापुढच्या लिंबाला तागडी बांधायची ठरली. ज्योतीरामांचं वजन अडुसष्ट किलो. तेवढ्या गुळाच्या ढेपा चाकणच्या एका व्यापाऱ्याकडे सांगून ठेवल्या.

सगळ्यांची तोंडं गोड झाली होती. एक सुभद्राबाई सोडून. विलायती बूट ज्योतीरामांच्या टाचेला चावला होता, आणि ती जखम तीन आठवडे झाले तरी भरून येत नव्हती. त्या रोज हळद लावायच्या आणि रोज गप्प बसायच्या. गुरुवारी सकाळी मी ज्योतीरामांना सायकलवर बोलवायला गेलो तेव्हा त्या बोलल्या.

"आदी नळी करू. मंग गूळतुला."

नळी म्हणजे लघवीतल्या साखरेची घरची तपासणी. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि अगदी टोकाला विटकरी. सुभद्राबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण या पाच रंगांत त्यांची पीएच.डी. होती.

"अगं, विलायतेच्या डॉक्टरनं लिहून दिलंय," ज्योतीराम म्हणाले.

"त्यानं लिवलं आसंल. देवाम्होरं मी हुबी ऱ्हानार हाय, त्यो न्हाई."

"कर बाई, कर. राव, तुम्ही पण बसा. हिंदुरावला हाक मारा. निळं म्हणजे काय निळं असतं ते सगळ्यांनीच बघा!"

हिंदुराव शेजारच्याच खोलीत राहायचे. ते दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आले. सुभद्राबाईंनी स्टोव्ह पेटवला, चिमट्यात नळी धरली. आम्ही तिघं क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला बसल्यासारखे स्टोव्हभोवती बसलो.

नळी निळी होती. "बघा!" ज्योतीराम म्हणाले.

नळी हिरवी झाली. "हे चालतं. एवढा टॉलरन्स असतो."

नळी पिवळी झाली. ज्योतीरामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

नळी नारिंगी झाली आणि तिथंच न थांबता विटकरीकडे निघाली, तेव्हा हिंदुराव गालावरचा साबण पुसत म्हणाले, "भाऊ, कौलारू घर बांधायला घेतलंत काय आत?"

"औषध जुनं झालंय. रिजेक्ट!" ज्योतीराम ओरडले.

"आवशिद मागल्या म्हैन्याचं हाय," सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "जुनं झालंय ते तुमचं डोकं."

तेव्हा मी तो विलायती कागद मागितला. तीन आठवडे तो आम्ही सगळ्यांनी लांबून पाहिला होता, जवळून कुणीच नाही. ९.२ च्या पुढं बारीक अक्षरांत काहीतरी होतं. चिंचवडच्या रिपोर्टवर असायचं तसं मिलिग्रॅम नव्हतं. मी वाचलं, "एम, एम, ओ, एल. भागिले लिटर."

ज्योतीरामांनी कागद हिसकावून घेतला. चष्मा कपाळावरून खाली आला. तोंडावरचा रंग त्या नळीच्या उलट दिशेनं गेला.

"एम एम!" ते म्हणाले. "माप वेगळं आहे. राव, माप वेगळं आहे! नऊ काय, नऊ म्हशी? मी बघितलंच नाही!"

आता वीस वर्षं एकाच मंत्रावर जगलेला माणूस अशा वेळी काय करणार? विलायती आकडा देशी करायचा म्हणजे कशानं गुणायचं, हे त्यांना कुणाला विचारायची गरज वाटली नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार मांडला. नऊ पॉइंट दोन गुणिले पंचवीस पॉइंट चार.

"दोनशे तेहेतीस पॉइंट अडुसष्ट," ते म्हणाले आणि खुर्ची नसलेल्या जागी बसले.

मी म्हटलं, "भाऊ, रक्त इंचात कशाला मोजतील?"

"इंग्रज आहे तो. काहीही इंचात मोजेल!"

त्या दिवशी त्यांनी कामावर सुट्टी टाकली, जी त्यांनी स्वतःच्या लग्नातही अर्धाच दिवस टाकली होती. गेज रूमच्या कपाटाच्या किल्ल्या मला दिल्या. कुठला मायक्रोमीटर दोन मायक्रॉननं खोटं बोलतो ते कानात सांगितलं. हिंदुरावांना जुनी भांडणं माफ केली, आणि हिंदुरावांनी 'कुठली?' असं विचारल्यावर यादी सांगितली. सुभद्राबाईंनी दुपारच्या ताटाबरोबर गोळी पुढं केली, तर म्हणाले, "आता कशाला? विलायतेतच दोनशे चौतीस होती माझी. तिथलं ते उकडलेलं खाऊनसुद्धा! उपाय संपले."

तेव्हा मात्र सुभद्राबाईंचा आवाज बारीक झाला. "आसं बोलू नगा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आमचंही हसू तिथंच थांबलं. टाचेची जखम उघडी होती, आणि माणूस गोळी घ्यायला तयार नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना उपाशीपोटी सायकलच्या कॅरिअरवर बसवून चिंचवडला नेलं. लॅबोरेटरीतल्या नीलिमाताईंनी रक्त घेतलं आणि संध्याकाळी बोलावलं. संध्याकाळी रिपोर्ट आला : दोनशे एकतीस.

ज्योतीराम अचानक उजळले. "बघा! मी काय म्हटलं? दोनशे चौतीस सांगितले होते मी. अडीच-पावणेतीनचा फरक. ताई, माझा गुणाकार बरोबर आला!"

रक्तात साखर दोनशे एकतीस आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद, असा पेशंट नीलिमाताईंनी पाहिला नव्हता. त्यांनी विलायती कागद बघितला, कॅलेंडरचं पान बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"सांडभोर, पंचवीस पॉइंट चार कुठून आणलंत?"

"मग कितीनं गुणायचं?"

"अठरानं. आपण इथं काय सांगतो? शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर. म्हणजे वजन. तिकडे आता वजन नाही सांगत, साखरेचे रेणू किती ते मोजतात, आणि तेही एका लिटरमध्ये. तुमच्या स्टोअरमध्ये बोल्ट कसे देतात?"

"बारीक असले तर वजनावर. मोठे नगावर."

"झालं तर. साखर तीच. ते नगावर मोजतात, आपण वजनावर."

ज्योतीरामांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी गेज रूममध्ये फक्त नवा मायक्रोमीटर उघडताना पाहिली होती. "म्हणजे एका बोल्टचं वजन ठाऊक असलं की नगाचं किलो करता येतं! अठरा म्हणजे त्या साखरेच्या बोल्टचं वजन!"

"जवळजवळ. एकशे ऐंशी आहे ते. त्यांचं लिटर म्हणजे आपल्या शंभर मिलिलिटरच्या दहापट, म्हणून दहानं भागून अठरा."

त्यांनी लगेच तिथल्याच पाकिटावर गुणाकार केला. नऊ पॉइंट दोन गुणिले अठरा. एकशे पासष्ट पॉइंट सहा.

"म्हणजे तिकडे माझी एकशे सहासष्ट होती."

"हो. तुमच्या जुन्या रिपोर्टांपेक्षा कमी. छान उतरली होती."

"आणि आज दोनशे एकतीस."

"हो."

"मधले पासष्ट?"

पेढे, जिलब्या आणि कपाच्या तळाची साखर हे सगळं त्या पासष्टात ओळीनं उभं होतं. कागद मुळात चांगलीच बातमी घेऊन आला होता. ती आहे त्याहून अठरापट चांगली समजून ज्योतीरामांनी ती खाऊन टाकली होती.

घरी येऊन त्यांनी सुभद्राबाईंना सगळं सांगितलं, अगदी बोल्टांसकट. शेवटी म्हणाले, "साखर गेली नाही गं. पण उपाय आहे. उतरत होती, मीच चढवली." आणि हात पुढं केला. "गोळी दे."

सुभद्राबाईंनी गोळी दिली, पाणी दिलं, आणि ती गिळली गेल्याची खात्री करून मगच विचारलं, "आन् रविवार?"

रविवारचा प्रश्न मोठाच होता. गावाला आमंत्रण गेलेलं. साखर गेली म्हणून गूळ वाटणं म्हणजे भैरवनाथापुढं खोटं, आणि न जाणं म्हणजे गावापुढं नाक कापलेलं. ज्योतीरामांनी सुचवलं की पूर्ण नाही तर निदान उतरलेल्या साखरेच्या प्रमाणात थोडी तुला करावी. सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पाकीट खिशात घातलं.

"देवाला गनित नगं," त्या म्हणाल्या. "नवस ऱ्हाईल तसाच. पर तागडी बांदलीय, ती मोकळी न्हाई सोडायची. त्या गुळवाल्याला न्हाई म्हणून सांगा. " मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रावसायेब, चाकनच्या बाजारात कारली मिळत्यात का?"

मिळाली. पाच पोती. रविवारी लिंबाखाली ज्योतीराम सांडभोर एका पारड्यात मांडी घालून बसले, टाचेला पट्टी बांधलेली, आणि दुसऱ्या पारड्यात हिरवीगार, खडबडीत कारली चढू लागली. गूळ खायला जमलेलं गाव आ वासून बघत होतं. म्हाताऱ्यांनी कुजबुज केली, पोरांनी उघड शिव्या दिल्या.

"आवं, ह्यो कसला परसाद!" गुरव चिमाजी कळवळून म्हणाला. "कारल्याची तुला म्या बापजन्मात बघितली न्हाई."

"आमच्या मालकांनी जास्तीचं ग्वाड खाल्लंय," सुभद्राबाई सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "त्याचा उतारा समद्यांनी मिळून खायाचा."

दांडी हळूहळू सरळ होत आली. ज्योतीराम वरून काट्याकडे एक डोळा मिटून बघत होते.

"अजून दोन टाका," ते म्हणाले. "नाही, दोन नको. एक. लहान बघून."

चिमाजीनं एक लहान कारलं ठेवलं. दांडी आडवी, स्थिर.

"आता चालेल," ज्योतीराम म्हणाले आणि उतरले. मग पट्टी बांधलेला पाय वहाणेत जपून सरकवला आणि प्रसाद वाटायला रांगेच्या तोंडाशी स्वतः जाऊन उभे राहिले. पहिल्याच माणसानं कारलं हातात घेऊन विचारलं, "भाऊ, येकच?"

"वजनावर हवंय का नगावर?" ज्योतीराम म्हणाले. "आधी माप सांगा, मग आकडा."