हाकेच्या अंतरावर

बाणसाहेबांची हाक ज्यांनी ऐकली नाही, त्यांना मी काय सांगू! हरिश्चंद्रगडावरून त्यांनी ‘कुऽऽऊ’ केलं की खाली पाचनईत म्हशी दूध चोरायच्या आणि माळशेज घाटातली एसटी आपोआप पहिल्या गिअरवर यायची. आमच्या सावेडीत एकदा ते नुसते शिंकले, तर कॉलनीतल्या सगळ्या टीव्हीच्या अँटेना फिरल्या. यातलं निम्मं तरी खरं आहे. कुठलं निम्मं, ते सांगायला आता कोणी उरलं नाही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा आमचा शेजारी पावसाळा सरला की आम्हा चार रिकामटेकड्यांना अकोले तालुक्याच्या डोंगरांत हिंडवायचा. नकाशा नाही, होकायंत्र नाही. “वाट पायाला ठाऊक असते, डोक्याला कशाला तरास?” म्हणायचे. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी वाटा पायातूनही जायला लागल्या. एकदा ते भाजी आणायला गेले आणि चौकातच पिशवी धरून उभे राहिले. घर कुठल्या अंगाला, आठवेना. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. वहिनींनी ते एकदा ऐकलं, पुन्हा कधी उच्चारलं नाही. पुण्याचा मुलगा त्यांना न्यायला आला, तर वहिनी म्हणाल्या, “त्यांना घर सापडतंय तोवर ते हितंच राहतील.” आणि त्यांनी अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला.

भाच्यानं जीपीएस आणलं. टीव्हीच्या रिमोटसारखं काळं यंत्र, वर बोटाएवढी अँटेना. एखाद्या जागी उभं राहून खूण करून ठेवायची; मग ते उपग्रहांना विचारून त्या जागेकडे बाण दाखवायचं. “डोंगरासाठी मागवलंय,” असं वहिनी सगळ्यांना सांगायच्या. सगळे मान डोलवायचे. साहेबांचं नाव तेव्हापासून बाणसाहेब पडलं.

ते यंत्र हातात आलं की साहेब पुतळा व्हायचे. तळहात आभाळाकडे, डोळे काचेवर. “गप. चौथा यायचाय.” चार उपग्रह सापडल्याशिवाय बाण उमटत नसे. पंगतीत जावई यायचा राहिल्यासारखे आम्ही ताटकळायचो. एकदा तर इतका वेळ लागला की माझ्या दाढीत चिमणीनं काड्या आणून टाकल्या. खुणांना ते तिथं खाल्लेल्या पदार्थांची नावं द्यायचे. त्यामुळे आमचा रस्ता ‘चहा’वरून ‘भजी’ला आणि तिथून ‘पिठलं’ला जायचा.

“आन् घराचं काय नाव ठेवलं?” वहिनींनी विचारलं.

“तुझं.”

उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक न मारलेला माणूस हा. वहिनी तडक आत गेल्या, भांडी घासलेली असताना पुन्हा घासायला.

त्या यंत्रात एक खोट होती. शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून अमेरिकेचं लष्कर तेव्हा त्यात मुद्दाम शंभरेक पावलांची चूक मिसळायचं म्हणे. बाणसाहेबांनी अमेरिकेचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे. ही चूक आम्हाला कळली ती कोकणकड्यावरून परतताना. धुकं असं उतरलं की मी माझीच मिशी चाचपून खात्री करून घेतली. ‘पिठलं’ म्हणजे पठारावर आम्हाला जेवू घालणाऱ्या ठकूबाईचं खोपट. बाण म्हणाला, पोचलात. समोर खोपट नाही, काही नाही.

“चला, जरा पुढं बघू,” मी म्हणालो.

“एक पाऊल टाकायचं न्हाई,” साहेब गरजले. “मशीन गल्लीपर्यंत आणतं. दारापर्यंत हाक मारावी लागती.” आणि त्यांनी छाती भरून ‘कुऽऽऊ’ केलं.

“ओऽऽ!” उजव्या अंगाकडून ठकूबाई ओरडली. “थितंच ऱ्हावा, मुडद्यांनो! म्होरं घळ हाय!”

तिच्या आवाजावर आम्ही लेकरांसारखे एकामागे एक गेलो. ती वाढताना बडबडत होती, “साहेब, फेका ते डबडं.”

“फेकतो. आधी पिठलं वाढ.”

सावेडीत मग हीच रीत लागली. आमच्या कॉलनीतले बंगले एकाच साच्यातून काढलेले, सगळ्यांना एकच पिवळा रंग. संध्याकाळी फिरून येताना बाण साहेबांना गल्लीत आणून सोडायचा. ते मध्येच थांबायचे आणि ‘कुऽऽऊ’. ओट्यावरून वहिनी “ओऽऽ” म्हणायच्या. साहेब त्या आवाजानं घरी जायचे. रोज. आम्ही त्यावर घड्याळं लावायचो.

एका दुपारी वहिनी झोपेतच गेल्या.

तेरावं झालं. त्या संध्याकाळी साहेब नेहमीसारखे यंत्र घेऊन निघाले, नेहमीसारखे गल्लीत येऊन थांबले. हाक आली. मुलगा फाटकात उभा होता. प्रत्येक जाळीच्या दारामागे कोणी ना कोणी होतं. मी म्हणालो, “ओऽऽ.”

साहेब माझ्या ओट्याशी आले. 

“आवाज तिचा न्हाई.”

“नाही.”

“पण हितूनच आला.”

मी त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडलं. मुलानं विचारलं, “काका, रोज ओ द्याल?” देईन म्हणालो. त्यानं पुण्याला न्यायचं लांबणीवर टाकलं, स्वयंपाकाला बाई लावली. उन्हाळाभर मी ओ दिली. त्याचं मला विशेष काही वाटत नव्हतं. नळाला पाणी आलं की बादली लावावी तसं.

मग एकदा साहेब गल्लीत येऊन थांबले आणि हाक आलीच नाही. मी ओट्यावरून बघत होतो. ते यंत्र हातात धरून तसेच उभे. शेवटी मी उठून गेलो.

“साहेब, हाक मारा की.”

“कुणाला?” त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. साहेब पुढच्या सीटवर बसले, यंत्र मांडीवर. गाडी वळली. बाणही काचेत मागं वळला असणार.

वर्षाच्या आत मुलाचा फोन आला, साहेब गेले. मी “बरं” म्हणालो आणि दळण आणायला गेलो. महिन्याभरानं मुलानं यंत्र माझ्याकडे पाठवलं. मी सेल घातले, गल्लीत जाऊन उभा राहिलो, चौथा यायची वाट बघितली. तो आला. खुणांत वहिनींचं नाव होतं. बाण म्हणाला, पोचलात.

हाक मी मारली नाही.