पुठ्ठेवाल्याने ‘आपण’ म्हटलं तेव्हा

आमच्या जाऊबाईंना कोणी घाई केली की त्या हटकून सावकाश होतात. दारात गाडी उभी असो, गिऱ्हाईक घड्याळ दाखवत असो, बाई आधी खोक्याची घडी बोटाने दाबून बघणार आणि मगच पुढचं बोलणार. मी धाकटी जाऊ, माझं सगळं उलटं. माझ्या हाताला दम नाही आणि तोंडाला तर त्याहून नाही. आम्ही दोघी मिळून पुठ्ठ्याची खोकी बनवतो. एक लांबट खोली, दोन मोठी टेबलं, कापायचं एक यंत्र आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. त्या खळीचा वास आमच्या केसांतून काही केल्या जात नाही.

धंदा सासऱ्यांचा. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा दोन्ही मुलगे आपापल्या नोकऱ्यांत रमलेले होते, म्हणून जाऊबाई पुढे झाल्या. तोवर त्या फक्त खळ लावायच्या. लोक म्हणाले, ही बाई काय धंदा करणार, चार दिवसांत गाशा गुंडाळेल. त्यातले दोघेतिघे आता आमच्याकडूनच खोकी नेतात, आणि मी त्यांना मुद्दाम चहा विचारत नाही.

फोनवर नाना तऱ्हेचे मेसेज येतात. ‘बिल थकलं आहे, अर्ध्या तासात वीज तोडू, या लिंकवर पैसे भरा’ असा एक आला तेव्हा मी लगेच लिंकवर बोट ठेवायला निघाले. जाऊबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"इतकं तत्पर खातं मला तर अजून भेटलं नाही गं," त्या म्हणाल्या. "घाई कोणाला आहे ते बघ. आपल्याला नाही ना? मग लिंकला हात लावू नकोस. बिल आपण नेहमीच्या जागी जाऊन बघू."

बघितलं, तर बिल केव्हाच भरलेलं होतं. दुसऱ्या एकाने ट्रकभर खोक्यांची ऑर्डर देऊ केली, फक्त आधी आम्ही ‘नोंदणी’चे पैसे भरायचे. "गिऱ्हाईक कोण, मी की तो?" एवढंच विचारून बाईंनी तो मेसेज पुसून टाकला.

पण एका सकाळी मेल आला तो खुद्द पुठ्ठेवाल्या काकांचा. आम्ही वर्षानुवर्षं पुठ्ठा त्यांच्याकडूनच घेतो. मेल असा होता: ‘आपणांस कळविण्यात येते की माझा फोन चोरीस गेला आहे. जुन्या नंबरवरून कोणी बोलल्यास विश्वास ठेवू नये. बँक खातेही बदलले आहे. आपण रक्कम दुपारपर्यंत नव्या खात्यात भरावी, अन्यथा माल दुसऱ्यास द्यावा लागेल.’

चपलांच्या एका कारखान्याची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर आमच्या अंगावर होती, आणि त्यांनी दिलेली सगळी उचल या पुठ्ठ्यासाठी राखून ठेवली होती. पैसे भलत्याच्या घशात गेले तर आमच्या दाराला कुलूप. माल दुसऱ्याला गेला तरी तेच.

"भरून टाकू या," मी म्हणाले. "मेलचा पत्ता काकांचाच आहे. अक्षर न् अक्षर तपासलंय मी."

जाऊबाईंनी मेल दोनदा वाचला आणि हसल्या. "अगं, हा मला ‘आपण’ म्हणतोय!"

काका सासऱ्यांचे दोस्त. जाऊबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून ते त्यांना अगं-तुगं करतात. मेलसुद्धा तसेच. ‘माल आलाय. गाडी पाठव. उशीर केलास तर बघ.’

"फोन चोरीला गेला तर हा माणूस आधी गल्ली डोक्यावर घेईल," जाऊबाई म्हणाल्या. "‘कळविण्यात येते’ कसलं म्हणतोय!"

त्यांनी सरळ जुना नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना.

"बघा, खरंच चोरीला गेलाय," मी म्हणाले.

"चोर फोन असा वाजत ठेवेल होय? चल, चपला घाल. पैशाचं आहे, तोंड बघूनच बोलू."

गोदामात काका कापायच्या यंत्राशेजारी उभे राहून हमालावर ओरडत होते. फोन त्यांच्या खिशातच होता. त्या खडखडाटात त्यांना तो ऐकू आला नव्हता.

"काय गं, कामधंदा सोडून इकडे कुठे उगवलीस?"

जाऊबाईंनी मेल पुढे धरला. काकांनी वाचला. "मी? तुला ‘आपण’? जीभ झडेल माझी!" आणि मग त्यांचा चेहराच उतरला. कोणीतरी त्यांच्या मेलमध्ये घुसलं होतं, म्हणजे हेच पत्र बाकीच्यांनाही गेलं असणार.

"आधी पासवर्ड बदला, बँकेला कळवा. आज आणखी कोण पैसे भरणार आहे?" जाऊबाईंनी विचारलं.

"पिशवीवाली," काका म्हणाले.

त्यांनी तिला फोन लावला. "चोरट्या, फोन परत कर!" असं ओरडून तिने तो कापला, आणि पुन्हा काही उचलला नाही. तिचं दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि दुपार होत आली होती.

ही पिशवीवाली पूर्वी आमच्याच टेबलावर बसायची. जाऊबाईंनी तिला हाताला धरून सगळं काम शिकवलं. एक दिवस ती आमचं मोठं गिऱ्हाईक घेऊन गेली आणि कागदी पिशव्यांचं स्वतःचं दुकान काढून बसली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मी असते तर खुशाल बुडू दिलं असतं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. जाऊबाईंनी फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"मी खोकेवाली बोलतेय. काकांच्या नव्या खात्यात पैसे भरू नकोस. तो मेल खोटा आहे."

"कशावरून तूच बोलतेयस?" पलीकडून ताडकन आलं. "आजकाल आवाजसुद्धा हुबेहूब काढतात. आणि ती मला कशाला फोन करेल? माझं वाटोळं झालं तर पेढे वाटेल ती!"

मी तोंड उघडणार तोच जाऊबाईंनी हाताने मला थांबवलं.

"तू गेलीस त्या दिवशी ड्रॉवरमधली नवी कात्री पिशवीत टाकलीस," त्या म्हणाल्या. "मी दारातून बघितलं. कोणालाच बोलले नाही."

मलाही हे ठाऊक नव्हतं.

"ती कात्री डाव्या हाताची होती. आमच्याकडे डावखुरी कोण होती, तूच सांग. तुलाच द्यायला आणली होती गं. त्या दिवशी काम संपल्यावर देणार होते."

काका आपले जमिनीकडे बघत उभे. त्या बाईचा राग राग करायची मला सवय होती, आणि आता तो राग ठेवायचा कुठे ते कळेना.

"नाही भरत पैसे," पिशवीवाली म्हणाली. तिचा आवाज पार बारीक झाला होता. "वहिनी, आत्ता तीच हातात आहे."