बारा दिवसांत आई एकदाही रागावली नाही

या ब्लॉगवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न स्कॉलरशिपचा नाही, थंडीचाही नाही. तो असा : "ताई, घरी किती वेळा जाता येतं?" विचारणारी पोरं बॅगा भरायच्या बेतात असतात आणि त्यांच्या आया शेजारी बसून उत्तराची वाट बघत असतात, असा माझा अंदाज आहे. तर खरं उत्तर देते. पीएचडीसाठी अमेरिकेत येऊन मला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी दोनदा घरी गेले. एकदा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आणि एकदा आत्ता, डिसेंबरात.

बाकीची वर्षं का गेले नाही, ते मला पाठ आहे. एका वर्षी तिकीट परवडेना. एका वर्षी व्हिसाचा शिक्का संपला होता आणि नवा मिळाला नाही तर भारतातच अडकू, ही धास्ती होती. एका वर्षी गाइड म्हणाले, "जा की," पण अशा सुरात म्हणाले की मी गेलेच नाही. कारणं सगळी खरी आहेत, तरी लिहून काढताना लंगडी वाटतात.

या खेपेला मला काहीतरी सांगायचं होतं. निघताना आईला शब्द दिला होता, पाच वर्षं आणि मग परत. आता इथंच पुढच्या संशोधनाचं काम मिळालं होतं, तीन वर्षांचं, आणि व्हिसाच्या भानगडीत तेवढा काळ घरी जाणं अवघडच होतं. फोनवर सांगायची हिंमत होईना. आई भांडणार हे मी धरूनच चालले होते. मागच्या खेपेला मी उंबऱ्यात पाय ठेवताच तिनं "निस्ती हाडं राहिलीत, तिथं खायला न्हाय का काय?" असं जे सुरू केलं ते मी निघेपर्यंत थांबवलं नव्हतं. त्यामुळे विमानात मी झोपायचं सोडून तिच्या प्रश्नांची उत्तरं घोकत बसले.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागात जायचं असेल तर मुंबईला उतरूच नका, हैदराबादला उतरा. विमानतळावरून बसनं शहराच्या पश्चिम टोकाला जायचं, तिथून सोलापूरकडं जाणारी गाडी पकडायची. सहा तास लागतात, भाडं सहाशेच्या आसपास. रस्ता झकास आहे. पाट्या आधी तेलुगू, मग कन्नड आणि उमरगा जवळ आलं की मराठी. हुमनाबादला गाडी थांबली तर इडली खा, चटणी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. पुढं दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी लागली की समजा, आपण पोचलो.

शेजारच्या सीटवर उमरग्याच्या एक मावशी होत्या. कुठून आलीस, काय शिकतीस, लगीन झालं का, हे सगळं त्यांनी पहिल्या वीस किलोमीटरात उरकलं. मग विचारलं, "पाच वर्षांत कितीदा आलीस?"

"ही दुसरी खेप."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण मावशींनी बोटांवर हिशेब केला. "माझी लेक लातुरात दिलीय. दीड तासाचा रस्ता. ती बी वर्साला एकदाच येती, अन् आली की मोबाईलच बघत बसती. तुझं बरंय की."

मी हसले आणि मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकलं. इतकी स्वस्तात माफी मिळाली की घ्यावी.

उमरग्याच्या पुढं जळकोटला मी उतरले, तिथं माझे वडील, आप्पा, उभे होते. आमचं गाव तिथून चार किलोमीटर आत. माझ्या दोन बॅगांसाठी त्यांनी शेजारच्या शब्बीरचाचांचा टेम्पो आणला होता. आप्पा वाळले होते. मी वाकले, तर म्हणाले, "असू दे, असू दे," आणि बॅग उचलायला गेले. मी ओढून घेतली.

घरी आई दारात होती. मी कंबर कसून तयार. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "आलीस? बस. लांबून आलीस, दमली असशील." बस्स, एवढंच. मला खुर्ची मिळाली. माझ्यासाठी विकतच्या पाण्याचा जार आणला होता, कारण आमचं पाणी मला आता सोसणार नाही असं ठरलं होतं. जेवल्यावर ताट उचलून मोरीकडं निघाले तर तिनं ते हातातून काढून घेतलं. वाटलं, पहिला दिवस आहे, उद्या सुरू होईल.

संध्याकाळी शब्बीरचाचांची रेश्मा आली. मी गेले तेव्हा ती दोन वेण्यांत शाळेला जायची, आता नळदुर्गच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. ती आत आली आणि आईचा आवाज चढला. "ए बये, किती बारी सांगितलं, वल्ल्या चपला घरात आणू नगं म्हणून. कानात काय बोळं घातलीस का?"

"विसरले ओ काकू."

"विसरती म्हणं. जेवायला बरी इसरत न्हाईस."

रेश्मा हसत चपला बाहेर ठेवून आली आणि न विचारता फडताळातून आईच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. त्या कुठल्या डब्यात असतात ते मला ठाऊक नव्हतं. गोळ्या सुरू असल्याचंही मला फोनवर उडत उडत कळलेलं. मागच्या उन्हाळ्यात आई तीन दिवस उमरग्याला दवाखान्यात होती, हे तर मला रेश्माकडूनच समजलं. त्या आठवड्यात आईला फोन द्या म्हटलं की आप्पा म्हणायचे, रेंज नाही, आवाज तुटतोय. आणि मी रोज इथून जेवणाचे, औषधाचे, चालायला जायचे सल्ले देत होते. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणत असावेत.

चार दिवस गेले. मी उशिरा उठले, ओला टॉवेल गादीवर टाकला, आईनं चिरायला दिलेली भाजी अर्धवट सोडून फोन घेतला. पूर्वी यातल्या एकेका गोष्टीवर अर्धा तास निघाला असता. आता आई टॉवेल उचलून वाळत घालायची, बोलायची काही नाही. पाचव्या दिवशी मी दुधापाशी उभी राहिले आणि ते उतू जाऊ दिलं. खरं सांगते, मुद्दाम. आई धावत आली, गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला.

"असू दे," म्हणाली. "तिकडं कुठं सवय राहिली तुला."

मला रडूच यायचं बाकी होतं. एकोणतीस वर्षांची बाई, डॉक्टर व्हायला आलेली, आणि आई रागवावी म्हणून दूध सांडतेय.

मधल्या एका दिवशी रेश्माच्या स्कूटीवर नळदुर्गचा किल्ला बघून आले. ज्यांना जायचंय त्यांनी पावसाळ्यात जा. तिथल्या पाणीमहालावरून पाणी कोसळतं ते तेव्हाच, डिसेंबरात नुसती भिंत दिसते. तटावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. रेश्मा आईच्या शिव्यांच्या नकला करत होती. मी हसत होते आणि आतून जळत होते. पोरगी चांगली आहे, म्हणून तर जास्त.

मग येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगते, वेळ अमावस्या हा आमच्या आणि लातूरच्या भागातला सण. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते आणि मग जेवण. ज्यांना शेत नाही त्यांनाही हक्कानं बोलावतात, वाटेनं जाणाऱ्याला हाका मारतात. ताकातली आंबट अंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. वाटाणा, तूर, पावटा, मिळेल ती भाजी बेसनात शिजवलेली, आणि ती खाल्ल्यावर माणूस झाडाखाली आडवाच होतो. या दिवसांत कुणी शेतावर बोलावलं तर सगळी कामं सोडून जा.

आप्पांनी रानाला फेरी मारत अंबील शिंपडली. पूर्वी ते एका दमात फेरी पुरी करायचे, आता बांधावर दोनदा टेकले. जेवणं झाली, माणसं पांगली, रेश्मा तेवढी मदतीला थांबली. कोपीपाशी आई भांडी आवरत होती, मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आत्ताच.

"आई, मला तिकडंच काम मिळालंय. तीन वर्षांचं. मधी येणं व्हायचं न्हाय बहुतेक."

ती पातेलं पुसत होती, पुसत राहिली. मी वाट बघत होते. शब्द दिला होतास, म्हणेल. आप्पांचे पाय बघ, म्हणेल. माझ्याकडं सगळ्याची उत्तरं होती.

"बरं," आई म्हणाली. "तुझ्या भल्याचं असंल ते कर."

आणि मान वळवून ओरडली, "ए रेश्मे, अंबिलीचं मडकं उघडंच ठिवलंस व्हय? माशा पडल्यावर झाकणार हायस का?"

घोकलेली उत्तरं तशीच राहिली. भांडली असती तर मी थांबले असते का? नसते थांबले. तरी तिनं भांडायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्यासाठी शेंगाची चटणी कुटत होती, तेव्हा मी विचारून टाकलं. "तू मला रागवत का न्हाईस? रेश्माला तर दिवसभर बोलतीस."

तिनं आणखी दोन घाव घातले. मग म्हणाली, "मागल्या बारीला रागावले की. निघायच्या दिवशी बी बोलले तुला, ती खाऊची पिशवी घेत नव्हतीस म्हणून. तू तोंड पाडून गेलीस. ते तोंड मला वरीसभर दिसत व्हतं." मुसळ हातातच होतं. "रेश्मीला आज बोलले तर ती उद्या चहाला येती, मिटलं. तुला बोलून इमानात बसवू का? मिटवायला कवा येणार तू?"

हे घोकलेल्यांत नव्हतंच. मी चटणी डब्यात भरू लागले. निम्मी खाली सांडली आणि तिनं मुकाट्यानं गोळा केली.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. तोच रस्ता, पाट्या उलट्या क्रमानं. इथं पोचून आता दोन आठवडे झाले. बर्फ पडलंय, प्रयोगशाळेचं काम सुरू आहे, नव्या नोकरीच्या कागदांवर सह्या केल्या. "किती वेळा जावं" याचा आकडा मला अजूनही सांगता येत नाही. बारा दिवस पुरत नाहीत, एवढं कळलं. भांडण करून ते मिटेपर्यंत राहता येईल इतके दिवस काढून जा. मला ते जमलं नाही आणि आता तीन वर्षं जमणार नाही.

परवा फोन केला तर तो रेश्मानं उचलला, पण बोलली नाही, कारण मागं आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. कुणीतरी कुकरची शिट्टी धुऊन कुठंतरी ठेवली होती आणि ती सापडत नव्हती, आणि या घरात एकाला म्हणून अक्कल नाही. रेश्मा हळूच म्हणाली, "ताई, देऊ का काकूंना?"

"थांब जरा," मी म्हटलं. "बोलू दे तिला."

मिनिटभर ऐकलं. मग आईला कळलं, तिनं फोन घेतला, आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "बोल बाई. जेवलीस का?"