यंदाच्या रजया पोर्टलवरून

ऑफिसातल्या फायली कधी ना कधी रद्दीत जातात. किस्से मात्र कुणी निकालात काढत नाही, ते साठतच राहतात. देवासच्या मुलींच्या सरकारी होस्टेलात मी स्टोअर सांभाळते, आणि 'खरेदी फक्त पोर्टलवरून' हा नियम आल्यापासून तर माझ्याकडे किस्से ठेवायला जागा उरली नाही!

खरेदी समितीत आम्ही तिघं. साहेब, मी आणि हेडक्लार्क पागेकाका, जे अजूनही वस्तूला 'जिन्नस' म्हणतात. आणि पुरवठादार म्हणजे जवळच्या पीपलरावां गावचे गेंदालाल भिया. होस्टेलच्या रजया वर्षानुवर्षं त्यांच्याच. त्यांच्या घरचं निम्मं वर्ष या एका ऑर्डरवर निघायचं.

*

पूर्वी तीन कोटेशनं लागायची. ती तिन्ही भियाच आणायचे! लेटरहेड तीन, दर तीन, अक्षर एकच. पागेकाका वैतागायचे, "अरे भिया, कम से कम स्याही तो बदलो!"

आता पोर्टलवर कुणी काय दर भरलाय हे बिड उघडेपर्यंत दिसत नाही. भिया बेचैन.

"बेनजी, बाकी दो कौन हैं?"

"दिखता नहीं, भिया।"

"ये कैसा नियम हुआ! पहले तो मेरे को मालूम रेता था!"

*

पोर्टलला मालाचा फोटो हवा, तोही पांढऱ्या पडद्यावर. भियांनी अंगणात रजई टांगली आणि भाभींनी मागे चादर धरली. फोटो परत आला, कारण चादरीच्या कडेला बोटं दिसत होती. मी म्हटलं, तेवढा भाग कापून टाकते. लगेच भाभींचा फोन!

"ना बेनजी, काटना मत। अँगूठी कितनी अच्छी आई है!"

शेवटी चादर दोरीवर टाकून दुसरा फोटो काढला. भाभी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

रजईचं स्पेसिफिकेशन पागेकाकांनी स्वतः लिहिलं. "जिन्नस उत्तम असावा. थंडी लागू नये." मी ते जसंच्या तसं हिंदीत चढवलं. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी लांबच्या कंपनीनं पोर्टलवर शंका विचारली, "कितने डिग्री तक ठंड न लगे?"

काकांनी उत्तर लिहायला सांगितलं, "जनवरी में आकर सो के देख लो!"

मी लिहिलं नाही. काका अजून म्हणतात की लिहायला हवं होतं.

*

बिड उघडायला ओटीपी लागतो आणि तो येतो साहेबांच्या मोबाईलवर. त्या दिवशी नेमके साहेब धारला, पुतण्याच्या वरातीत. फोन लावला तर नुसता डीजे! साहेब आकडे ओरडताहेत, मला काही ऐकू येत नाही. शेवटी डीजेवाल्यानं गाणं बंद करून माइकच त्यांच्या हातात दिला. साहेबांनी सहाच्या सहा आकडे भर चौकात जाहीर केले!

त्या मेसेजच्या शेवटी ओळ असते, 'हा क्रमांक कुणालाही सांगू नका.'

*

बिड उघडलं. पीथमपूरच्या एका पुरवठादाराचा दर सगळ्यांत कमी, गेंदालाल भिया दुसरे. नियम म्हणजे नियम. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. त्या दुपारी मी डबा उघडलाच नाही.

रजया आल्या. आता आम्ही तपासून त्या पास किंवा नापास करायच्या, आणि कापसातलं तिघांनाही ओ की ठो कळेना. साहेब म्हणाले, "किसी जानकार को बुलाओ।" जाणकार आमच्या ओळखीचा एकच!

मी म्हटलं, "सर, वो तो खुद हारे हुए हैं। माल फेल हुआ तो बिड दोबारा होगी, फायदा उन्हीं का।"

"सलाह उनकी लेंगे," साहेब म्हणाले, "दस्तखत तो अपन को ही करना है।"

भिया आले. ढिगातून मधलीच एक रजई ओढली, कोपरा उसवला. कापूस चिमटीत धरून त्याचा धागा ओढून बघितला, नाकाशी नेला. पागेकाका 'नापास' लिहायला पेन उघडून तयारच. भियांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"माल सच्चा है, साब। ले लो।"

काकांनी 'पास' लिहिलं, साहेबांनी सही केली. भिया मात्र जागचे हलले नाहीत. टोपीत खोचलेला सुई-दोरा काढला आणि तो उसवलेला कोपरा शिवायला बसले.

मला राहवेना. "रेने दो भिया, हम करवा लेंगे।"

"ठंड यहीं से घुसती है, बेनजी," ते मान वर न करता म्हणाले, आणि दोन टाके जास्तीचे घातले.